पाय पुढे, चेहरा उघडा

मंडळी,

उन्हाचे आलात. कोणी पायी आलात, कोणी बैल जुंपून. शाळेचा व्हरांडा पुरला नाही म्हणून अर्धे जण अंगणात निंबाखाली बसला आहात. एवढे लोक एका जागी पाहून दादांनी एकच विचारलं असतं. "कोण पडलं बे?" आणि स्ट्रेचर उचललं असतं.

या वेळी दादाच पडले.

मला बोलायची सवय नाही. मी कंपाउंडर. औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची, तिला डोसाच्या खुणा कापायच्या आणि "हलवून घेजो" म्हणायचं. नऊ वर्षांत माझं सगळ्यात लांब भाषण तेवढंच. आज जास्त बोलावं लागणार आहे. मध्येच थांबलो तर बसून राहा. मी पुन्हा सुरू करीन.

हेडमास्तर आत्ता बोलले. श्रावणराव दगडासारखे होते, म्हणाले. डॉक्टरसाहेबांनीही तोच शब्द वापरला. दोघांनी चांगल्या मनाने वापरला. गावातही तोच शब्द आहे, पण तो तितक्या चांगल्या मनाने वापरत नाहीत. हा माणूस दिवसा मढी उचलतो आणि संध्याकाळी निवांत भाकर खातो. दगड आहे.

मंडळी, ते दगड नव्हते. स्ट्रेचरचं पुढचं टोक त्यांचं होतं, मागचं माझं. मला माहीत आहे.

आणि दुसरी गोष्ट. पाच वर्षांपूर्वी एका मुलाच्या मरणाचा ठपका दादांवर आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो माहीत आहे. काहींनी तो त्यांच्या तोंडावर बोलून दाखवला. तो ठपका माझा होता. दादांनी तो पाच वर्षं वागवला. आज मी तो परत घ्यायला उभा आहे.

माई, तुम्ही पुढे बसला आहात. मी सगळं सांगणार आहे. तुम्हाला त्यातलं पुष्कळ ठाऊक आहे.

जे लांबून आले त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. श्रावणदादा आपल्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. गाव गिरडकडचं. आई सुईण. माई त्यांची बायको. लढाईच्या काळात ते फौजेत गेले, ब्रह्मदेशात जखमी उचलायच्या तुकडीत. परत आले आणि इथे लागले. दवाखान्याला फौजेतून निघालेली एक मोटार मिळाली होती. मोटार होती, पण रस्ते नव्हते. ती सडकेपर्यंत जायची. सडकेपासून गाव, गावापासून शेत, ते सगळं स्ट्रेचरवर. दोन मैल. कधी तीन.

मी आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कुणब्याचा मुलगा, नागपूरला परीक्षा पास झालेला. ते चाळिशीचे. पहिल्या दिवशी मी त्यांना "ए श्रावण" म्हणून हाक मारली. ते "जी" म्हणाले. मला त्यात काही वाटलं नाही. आज वाटतं.

त्यांचं काम पाहिलेले लोक इथे बसले आहेत. कापसाच्या जिनात रोलरमध्ये हात अडकलेली बाई आठवते का? मशीन बंद केलं होतं, हात निघत नव्हता. बाई किंचाळत होती. दादा तिच्या कानाशी वाकून विचारतात, "बाई, सासू कशी आहे तुही?"

बाई किंचाळता किंचाळता म्हणाली, "डाकीण हाय मेली!"

अख्खं जिन हसलं. ती हसली नाही, पण क्षणभर तिचा हात सैल पडला. तेवढ्यात दादांनी तो काढला. दोन बोटं गेली. हात राहिला. ती बाई आज आली आहे. मघाशी मला म्हणाली, "सासूले सांगू नका, ते बी आली हाय."

हसा. दादा असते तर हसले असते.

आता नियम सांगतो. स्ट्रेचरवर माणूस न्यायचा एक नियम आहे. पाय पुढे, डोकं मागे. मागे जो धरतो त्याच्या हाताखाली जखमीचा चेहरा येतो. चालताना त्याला तो सगळा वेळ दिसतो. श्वास चालू आहे का, ओकारी येते आहे का, ओठ निळे पडले का. मागच्याचं अर्धं काम उचलण्याचं, अर्धं पाहण्याचं.

आणि आपल्याकडे पाय पुढे करून कोणाला नेतात? तुम्हाला सांगायला नको.

म्हणून प्रत्येक घरी भांडण. प्रत्येक घरी. साप चावलेला असो की झाडावरून पडलेला. स्ट्रेचर उचललं की घरातली म्हातारी बोंब मारायची. दादा चालता चालता तेच उत्तर द्यायचे. "माय, मेलेल्याले पाहाले लागत नाई. जित्याले पाहाले लागते. म्हणून त्याचं तोंड माह्या कंपाउंडरच्या डोयाखाली ठेवलं." काही जणी ऐकायच्या. काही जणी शिव्या द्यायच्या. दादा शिव्या ऐकायचे आणि पाय पुढेच ठेवायचे.

आता ती गोष्ट.

वैशाख होता. एका गावात विहीर खणत होते. काळा दगड लागला होता, सुरुंग लावणं चालू होतं. एक सुरुंग उडाला नाही म्हणून घरचा धाकटा मुलगा पाहायला उतरला. गुलाब त्याचं नाव. एकोणीस वर्षांचा. सुरुंग तेव्हा उडाला.

आम्ही पोचलो तेव्हा तो खाली होता. वर पंचवीस-तीस माणसं. अजून एक सुरुंग आत आहे की नाही, कोणाला सांगता येईना. कोणी उतरेना. मीही उतरलो नाही. दादांनी दोर कमरेला बांधला आणि उतरले. त्या विहिरीला पाणी लागलं असतं, तर तिच्यात पोहरा टाकायची त्यांना मुभा नसती. उतरायला कोणी हरकत घेतली नाही.

मुलगा वर आला. डोक्याला मार होता. शुद्ध नव्हती. श्वास होता. दादांनी डोकं बांधलं. त्याला एक ओकारी झाली तेव्हा त्यांनी त्याचं तोंड कुशीला वळवलं, बोटाने घसा साफ केला. मला म्हणाले, "वामन, हे पुन्हा होईन. तोंड पाहत राहजो."

आम्ही निघालो. पाय पुढे. आई मागून धावत आली. "माह्या पोराले मढ्यावाणी नेऊन राह्यले!" दादा त्यांचं ठरलेलं उत्तर बोलले. तिने ऐकलं नाही. आम्ही चालत राहिलो.

अर्ध्या मैलावर दिसलं की मोटार नाल्यापलीकडे भलत्याच वळणावर उभी आहे. ड्रायव्हरला आम्ही दिसत नव्हतो. ती अलीकडे आणली तर अर्धं अंतर वाचणार होतं. दादांनी पुढचं टोक मुलाच्या थोरल्या भावाच्या हातात दिलं. महादेवराव. ते आज आले आहेत, शेवटच्या रांगेत बसले आहेत. दादा पळत गेले. पळता पळता वळून पुन्हा म्हणाले, "तोंड पाहजो."

ते दिसेनासे झाले आणि आई वाटेत आडवी बसली. स्ट्रेचरसमोर, ढेकळांत. म्हणाली, फिरवा, नाही तर माझ्या अंगावरून न्या.

मंडळी, मला नियम माहीत होता. त्याचं कारण माहीत होतं. पण तिचं रडणं मला सहन झालं नाही. मी म्हणालो, फिरवा.

आम्ही स्ट्रेचर फिरवलं. डोकं पुढे गेलं. चेहरा महादेवरावांच्या पाठीमागे गेला. माझ्या हाताखाली पाय आले. ऊन मुलाच्या डोळ्यांवर येत होतं. आई म्हणाली, झाका. माझ्या खांद्यावर दुपट्टा होता. पांढरा. तो मी त्याच्या चेहऱ्यावर टाकला.

मी टाकला.

आई शांत झाली. आमच्यामागून मुकाट्याने चालू लागली, हळूहळू मागे पडली. मला वाटलं, बरं झालं.

मोटार आली. दादांनी लांबूनच पाहिलं आणि चालत्या मोटारीतून उडी टाकली. दुपट्टा उचलला. खाली काय होतं ते सांगत नाही. त्यांनी घसा साफ केला. छाती दाबली. बराच वेळ दाबली. मग हात काढले. माझ्याकडे एकदा पाहिलं. दुपट्ट्याची घडी केली आणि स्वतःच्या सदऱ्यात ठेवली.

तेवढ्यात आई पोचली. तिने दादांना मुलावर वाकलेलं पाहिलं. म्हणाली, "यानंच मारलं. पाय समोर करून काढलं त्याले घरून. जित्याचं मढं केलं यानं."

दादा उभे राहिले. हात जोडले.

म्हणाले, "हो, माय."

तेवढंच. हो, माय.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. चार गावांत बोलणं झालं. उलट्या झोळीचा श्रावण, असं नाव पडलं. बाया त्यांना पाहून पोरांना घरात घेऊ लागल्या. रोहण्याच्या बाजारात एकाने त्यांना विचारलं, "आज कोणाले काढाले आला?" दादा म्हणाले, "वांगे घ्याले आलो, भाऊ." घेतलीही.

मी तिथेच होतो. मी गप्प होतो.

डॉक्टरसाहेब इथे आहेत. मी त्यांना पुढे सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "वाचला असता असं मला सांगता येत नाही. वाचला नसता असंही सांगता येत नाही." खरं बोलले. त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी पाच वर्षं राहतो आहे.

आता दगडाची गोष्ट.

दवाखान्याच्या मागे विहिरीजवळ एक धुण्याचा दगड आहे. प्रत्येक खेपेनंतर दादा स्ट्रेचरचं कापड तिथे स्वतः धुवायचे. नोकर होता, पण त्याला देत नसत. धुताना पुटपुटायचे. मला वाटायचं, देवाचं काही म्हणत असतील. पुढे त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, घरातले देव पाण्यात सोडले. पुटपुटणं तसंच राहिलं. ते देवाचं नाही, हे तेव्हा तरी कळलं असतं. पण मला त्याआधीच कळलं होतं.

त्या वैशाखातल्या दिवशी परत आल्यावर त्यांनी मला दगडापाशी बसवलं. कापडाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"सांग," म्हणाले.

"काय सांगू?"

"हातानं काय केलं ते सांग."

मी म्हणालो, "तो मेला..."

"ते डोयानं पाह्यलं. ते मंग. हातानं काय केलं?"

"मी त्याला मारला."

"मारला हे हातानं नाई केलं. हातानं काय केलं?"

ते कापड घासत राहिले. शेवटी मी म्हणालो, "स्ट्रेचर फिरवलं. दुपट्टा टाकला."

"हं. तेवढंच सांग. जास्त नको. कमी नको. घे, पीळ इकडून."

मंडळी, त्यानंतरचे दिवस मी कोणाला सांगितलेले नाहीत. पांढरं कापड मला हातात धरवत नव्हतं. कंपाउंडरला पांढरं कापड धरवत नाही, म्हणजे काय राहिलं? औषध ओतताना अर्धं बाहेर. रांगेतल्या माणसांची तोंडं मी पाहत बसायचो, श्वास चालू आहेत का. घरी बायको दळायला बसली की तिचे श्वास मोजायचो. ती म्हणायची, "असे काऊन पाहून राह्यले माह्याकडे?" मी राजीनामा लिहिला. डॉक्टरसाहेबांना द्यायची हिंमत नव्हती म्हणून दादांकडे दिला, तुम्ही द्या म्हणालो. ते म्हणाले, "देतो." दिला नाही.

रोज कामं संपली की ते मला दगडावर न्यायचे. खेप नसली तरी. स्वच्छ, कोरडं कापड ओलं करून आम्ही धुवायचो. नोकर हसायचा. "या दोघायले येड लागलं." रोज तेच. सांग. फिरवलं. दुपट्टा टाकला. सांग. फिरवलं. दुपट्टा टाकला. कधी मी म्हणायचो, मी हलकट आहे. ते म्हणायचे, "हे हाताचं नाई." कधी मी म्हणायचो, त्याच्या आईनेच अडवलं. ते म्हणायचे, "हे बी तुह्या हाताचं नाई." दोन्ही बाजूंनी मला बाहेर पडू देत नव्हते.

पावसाळा आला, गेला. एक दिवस मी ते सरळ सांगितलं. कापड पिळता पिळता सांगितलं. दादांनी कापड खाली ठेवलं.

म्हणाले, "आता डोयाचं सांग."

मग मी सांगितलं. त्या दुपट्ट्याखाली काय होतं ते. ते ऐकत राहिले. आणि माझं संपल्यावर त्यांनी त्यांचं सांगितलं.

ब्रह्मदेशात ते स्ट्रेचरच्या पुढे होते. स्ट्रेचरवर त्यांचा दोस्त होता, एकाच तंबूतला. दोन कोस चिखलातून नेलं. दादा सगळी वाट त्याच्याशी बोलत होते. गिरडच्या टेकडीवर जत्रेला नेईन, पेढे चारीन. पोचले तेव्हा कळलं, तो पहिल्या कोसातच गेला होता. मागच्याला दिसलं होतं. दादांच्या हातातलं बळ जाईल म्हणून त्याने सांगितलं नाही.

"दोन कोस मढ्याशी बोललो, वामन. मले कोणी सांगतलंच नाई."

घरी आल्यावर जिनाचा भोंगा वाजला की ते भर बाजारात जमिनीवर पालथे पडायचे. लोक म्हणायचे, मिरगी आली. जोडा हुंगवायचे. माई, तुम्ही त्या वेळी नव्या आलेल्या होतात. तुम्ही त्यांच्या बाजूला जमिनीवर बसून राहायचात, लोकांकडे पाठ करून. दादांनी मला ते सांगितलं आहे.

बरं कोणी केलं? त्यांच्या आईने. सुईण होती ती. एखादं मूल पोटातच गेलं की घरी येऊन ती दगडावर हात धुवायची आणि भिंतीला सांगायची. हा हात इथं होता, तो तिथं होता. तिने मुलाला दगडावर बसवलं आणि विचारलं, "हातानं काय केलं?" दादा म्हणाले, "उचललं. चाललो." तिने विचारलं, "आणखी?" दादा म्हणाले, "आणखी नाई." ती म्हणाली, "मंग तेवढंच तुहं."

फौजेत शिकवलेलं नव्हतं. पुस्तकातलं नव्हतं. एका सुईणीचं ज्ञान. ते तिच्या मुलाकडे आलं आणि त्याच्याकडून माझ्याकडे. मला त्याचा अभिमान आहे. डॉक्टरसाहेब, आपल्या कपाटात याचं औषध नाही. त्या दगडावर आहे.

त्या दिवसापासून मी त्यांना दादा म्हणू लागलो. ते नुसतं, "पीळ" म्हणाले.

मी विचारलं, "दादा, मी जाऊन त्या माउलीला खरं सांगू?"

"काय सांगशीन?"

"की मी फिरवलं."

"आणि काऊन फिरवलं म्हणून तिनं विचारलं तर?"

मी कापड पिळू लागलो.

"फिरवा म्हणून तीच आडवी बसलती ना बे? झाका कोण म्हणलं? तू तुहं ओझं कमी कराले तिच्या डोक्यावर ठेवशीन. बुढी तिथंच मरीन. माह्यावर राग धरून ते जगून राह्यली. धरू दे. मले उचलाची सवय हाय. बुढी हाय तवर नाई सांगाचं."

मंडळी, दगड म्हणता ना? दगड असं बोलतो?

मग दोन वर्षांपूर्वी तीच म्हातारी ओट्यावरून पडली. कमरेचं हाड मोडलं. निरोप आला, आम्ही गेलो. तिने दादांना दारात पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "हा नको."

दादा दारातच बसले. म्हणाले, "माय, मी हात नाई लावत. फक्त सांग, कसं नेऊ?"

"डोकं समोर."

"बरं."

मी चमकलो. दादांनी दोन्ही टोकं दुसऱ्यांच्या हातात दिली. डोकं पुढे केलं. आणि स्वतः छत्री उघडून तिच्या डोक्याच्या बाजूने चालू लागले. तिच्यावर छत्री, डोळे तिच्या चेहऱ्यावर. तीन मैल. एकदाही समोर पाहिलं नाही. दोनदा ठेचकाळले. पायाचं नख निघालं. म्हातारी वर पाहत होती आणि वर दुसरं कोणी नव्हतं, दादांचाच चेहरा होता. नाला आला तेव्हा ती बोलली.

"उन्हात काऊन चालून राह्यला? छत्री थोडी तुह्याकडे घे ना."

दादा म्हणाले, "घेतो, माय." घेतली नाही.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात तिघं जातात. ज्याला जसं हवं तसं न्यायचं, पाय पुढे किंवा डोकं पुढे. तिसऱ्याने चेहऱ्याशी चालायचं. भांडणं संपली. इतकी साधी गोष्ट. ती सुचायला त्यांना एक मूल आणि तीन वर्षं लागली, असं ते म्हणायचे. मूल त्यांचं नव्हतं. चूकही त्यांची नव्हती. मोजताना मात्र स्वतःकडे मोजायचे.

गेल्या पोळ्यानंतर ती माउली वारली. दादा म्हणाले, "आता तुहं तुले मोकळं." मी आजउद्या करत राहिलो. मागच्या सोमवारी सकाळी ते दवाखान्याच्या पायरीवर वहाणा काढायला बसले आणि उठले नाहीत. मी छाती दाबली. बराच वेळ दाबली. मग हात काढले.

आज सकाळी मी महादेवरावांकडे गेलो. त्यांना ओट्यावर बसवून हे सगळं सांगितलं. त्यांना न सांगता इथे बोलणं बरोबर नव्हतं. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "समोर तर मीच होतो, कंपाउंडरसाहेब. म्या एकदा बी मांगं वळून नाई पाह्यलं." मी म्हणालो, "तुम्ही उचललं. चाललात. तेवढंच तुमचं." ते म्हणाले, "पाच वर्स त्या माणसाच्या घरावरून नाई गेलो आमी. सांगा तुमी सभेत. मी येतो." आले आहेत.

मंडळी, ऐका. त्या मुलाला श्रावणदादांनी विहिरीतून जिवंत वर काढलं. स्ट्रेचर मी फिरवलं. दुपट्टा मी टाकला. तेवढंच माझं. जास्त नाही, कमी नाही.

आता शेवटचं.

मंगळवारी तिरडी बांधायला बांबू आले होते. माई म्हणाल्या, "तिरडी नको. त्यायचं स्ट्रेचर आणा." डॉक्टरसाहेबांनी दिलं. माझ्या भावकीतल्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू हात लावणार?" मी म्हणालो, "नऊ वर्षं लावतोच आहे."

निघण्याआधी माईंनी मला त्यांची पत्र्याची पेटी उघडून दाखवली. वर माझा राजीनामा होता. खाली दुपट्टा. धुतलेला, घडी केलेला. माई म्हणाल्या, "हे तुमचं हाय म्हणत होते. मागाले आले तर देजो म्हणत होते." राजीनामा मी तिथेच फाडला. दुपट्टा खांद्यावर घेतला. आजही खांद्यावर आहे.

आम्ही निघालो. या वेळी कोणी भांडलं नाही. आपल्या रीतीप्रमाणे पाय पुढे. आमच्या नियमाप्रमाणेही पाय पुढे. दोन्ही एकच होतं. मी मागे होतो, माझ्या नेहमीच्या जागी. ऊन चेहऱ्यावर येत होतं. कोणी तरी म्हणालं, झाका. मी झाकलं नाही.

स्मशानातून परत आल्यावर मी कापड दगडावर नेलं. एका टोकाला मी. दुसऱ्या टोकाला कोणी नाही. विचारणारं कोणी नव्हतं, हातानं काय केलं म्हणून. म्हणून आज तुम्हाला सांगितलं. तुम्ही दुसरं टोक धरलंत. आभार.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. अशा वेळी डोळे मिटायची पद्धत आहे. आज मिटू नका. आपापल्या हातांकडे पाहा. त्यांनी जे केलं असेल तेवढंच मनात म्हणा.

दादा, उचललं. चाललो. चेहरा उघडा होता. सगळी वाट पाहत होतो.